दहा दिवसांच्या लाओसमध्ये पहाटा किती?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नाशिकला शाळेत शिकवता, बरोबर यजमान आणि ७४ वर्षांच्या सासूबाई, तिघंही शाकाहारी. परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये दहा दिवस काढून लाओसला जायचं, संस्कृती आणि निसर्ग दोन्ही बघायचं. यादी अशी: लुआंग प्रबांग, दगडी रांजणांचं मैदान असलेलं फोनसावान, व्हांग व्हिएंग, राजधानी व्हिएनतियान, दक्षिणेतलं वाट फू ('वाट' म्हणजे तिकडे देऊळ), मेकाँगमधली चार हजार बेटं, आणि 'इतक्या लांब जातोच आहोत तर' कंबोडियातलं अंगकोर. हे बसेल का आणि कोणत्या क्रमाने, असं विचारलंय.

बसवायचं म्हटलं तर बसेल. पण यादीच्या वर तुम्ही एक वाक्य लिहिलंय, 'बस-हॉटेल-बस असं नको, जरा त्या देशात राहून यायचंय.' माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तो आहे आणि ही यादीच त्याच्या आड येतेय.

मी २०१२ पासून आठ-दहा जणांचे गट घेऊन लाओसला जाते. आखणी करताना हिशेब कसा मांडते ते सांगते. या देशात जे बघावं असं आहे, त्यातलं बरंचसं सकाळी नऊच्या आत घडतं. बौद्ध भिक्षूंची भिक्षाफेरी साडेपाच-सहाला निघते. बाजार त्याच सुमाराला भरतो आणि ऊन चढायला लागलं की उठतो. नदीवरचं धुकं, धबधब्यापाशी माणसांची वर्दळ नसलेला तासभर, शेतावर निघालेल्या बायका, हे सगळं सकाळचंच. दुपारी अख्खं गाव सावलीला बसतं. म्हणून मी दिवस मोजत नाही, पहाटा मोजते. मुंबईहून रात्रीचं विमान धरलं तर तुमच्या दहा दिवसांत लाओसच्या गादीवर आठ रात्री मिळतात, म्हणजे पहाटा आठ. तुमच्या यादीत मुक्काम सात, म्हणजे सहा वेळा बिऱ्हाड हलवायचं. बिऱ्हाड हलवायचं तर पहाटे बॅगा आवरा, नाश्ता डब्यात घ्या, सातला गाडीत बसा. सहा पहाटा त्यातच गेल्या. उरल्या दोन.

हे मला एका गटाने शिकवलं. दुसऱ्याच वर्षी मी अकरा जणांना लुआंग प्रबांगला जेमतेम एक सकाळ दाखवून रस्त्याने फोनसावानला नेलं. नकाशावर अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आतलं, पण सगळा घाट. आठ तास लागले, चौघांना उलट्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी हजारो वर्षं जुन्या त्या रांजणांसमोर माणसं नुसती उभी होती, बघण्याचं त्राण कुणात नव्हतं. परतीच्या विमानतळावर गटातले एक आजोबा मला म्हणाले, 'त्या नदीकाठच्या गावात आपण एकच सकाळ का राहिलो हो?' त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून एका आठवड्यात तीनपेक्षा जास्त मुक्काम मी ठेवलेले नाहीत.

आता महिन्याचं बोलू, कारण तुमच्या बाबतीत जागांपेक्षाही ते महत्त्वाचं आहे. एप्रिल शक्यतो नको. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत उत्तर लाओसमध्ये पेरणीसाठी डोंगरउतारावरची झुडपं तोडून जाळतात, आणि शेजारच्या देशांतूनही धूर येतो. दऱ्यांमध्ये तो साचून राहतो. समोरचा डोंगर दिसत नाही, डोळे चुरचुरतात, लुआंग प्रबांगची विमानंही कधी कधी रद्द होतात. सासूबाईंच्या वयाच्या माणसाला मी त्या हवेत नेणार नाही. १४ ते १६ एप्रिलला तिथलं नववर्ष असतं, पी माय. आपल्या मेष संक्रांतीचाच तो काळ. पाणी उडवायचा मोठा सण आहे आणि तरुणांनी जरूर जावं, पण त्या दिवसांत खोल्या आणि गाड्या मिळणं मुश्कील होतं.

तुम्हाला शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर दिवाळीची सुट्टी घ्या. पाऊस नुकता सरलेला असतो, धबधब्यांना भरपूर पाणी, भात कापणीला आलेलं, पहाटे अंगावर शाल घ्यावी इतका गारवा. आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडच्या माणसाला चटकन कळते. तिथले बरेच सण पौर्णिमेवर चालतात. भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, आषाढ पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. आपल्याकडच्या बौद्ध घरांत वर्षावास पाळतात, तोच हा. तो संपतो तेव्हा, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या आसपास, लुआंग प्रबांगला कागदाच्या आणि बांबूच्या मोठमोठ्या होड्या दिव्यांनी सजवून मेकाँगमध्ये सोडतात. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास व्हिएनतियानच्या फा थात लुआंग या सोनेरी स्तूपाची जत्रा भरते. तेव्हा तिकीट काढण्याआधी घरातलं कॅलेंडर काढून पौर्णिमा बघा. अधिक महिन्याच्या वर्षी मात्र तिथलं आणि आपलं गणित पुढेमागे होऊ शकतं, म्हणून तारीख तिथल्या घरमालकांकडूनही पक्की करून घ्या.

हे सगळं धरून मी तुमच्यासाठी असं आखीन. पहिली रात्र विमानात. बँकॉकला विमान बदलून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लुआंग प्रबांग, तिथे तीन रात्री. मग गाडीने उत्तरेला नॉन्ग खिआव, तिथेही तीन रात्री. परत लुआंग प्रबांगला एक रात्र. नवव्या दिवशी दुपारच्या रेल्वेने व्हिएनतियान, एक रात्र, आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी परतीचं विमान. प्रवास सगळा जेवणानंतरचा ठेवायचा. आठच्या आठ पहाटा हातात राहतात. तुमच्या यादीतली पाच नावं यात नाहीत, हे मला माहीत आहे, आणि त्यांच्याबद्दल खाली लिहिते.

लुआंग प्रबांगला तीन रात्री का, हे आधी. दोन नद्यांच्या संगमावरचं हे जुनं राजधानीचं गाव, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत. लोक एका दिवसात वाट श्येंग थोंग, राजवाड्याचं संग्रहालय, फू सी टेकडी आणि क्वांग सी धबधबा उरकतात. उरकता येतं, खोटं नाही. पण हे गाव पुन्हा पुन्हा त्याच गल्लीतून जाताना कळतं. पहिल्या दिवशी भिक्षाफेरी बघायला मुख्य रस्त्यावर जाऊच नका. तिथे पर्यटकांच्या रांगा असतात आणि भिक्षूंच्या तोंडासमोर फोन धरलेले दिसतात. एखाद्या आडव्या गल्लीत, समोरच्या बाजूला, भिंतीला टेकून उभ्या राहा.

मी एका गल्लीत नेहमी जाते. तिथे एक आजी चटईवर बसलेली असते, खांद्यावरून तिरकं उपरणं, समोर वेताच्या टोपलीत वाफाळता चिकट भात. रांग येते तेव्हा ती मान वर करत नाही. बोटांनी सुपारीएवढा गोळा तोडते, पात्रात टाकते, पुन्हा तोडते. हात एका लयीत चालतो. भात गरम असल्यामुळे बोटांची टोकं लाल झालेली दिसतात. रांगेच्या शेवटी दोन लहान मुलं रिकामी टोपली घेऊन गुडघ्यांवर बसलेली असतात, आणि शेवटचे दोन-तीन सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, आपल्या पात्रातला भात त्यांच्या टोपलीत ठेवून पुढे जातात. कुणी काही बोलत नाही. माधुकरीच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या. इथे ती रोज सकाळी दारावरून जाते. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, फ्लॅश नको, बाईने भिक्षूला स्पर्श करायचा नाही. तुम्हाला स्वतःला भात द्यायचा असेल तर रस्त्यावर विकत घेऊ नका. आदल्या रात्री घरमालकिणीला सांगितलं तर ती पहाटे तुमच्यासाठी भात वाफवते.

क्वांग सी तीसेक किलोमीटरवर आहे. चुनखडीच्या पायऱ्यांवरून उतरणारं निळसर हिरवं पाणी. दार उघडायच्या वेळेलाच पोहोचा, दहानंतर तिथे जत्रा असते. वाटेतच शिकाऱ्यांकडून सोडवलेल्या काळ्या अस्वलांचं आश्रयस्थान लागतं, तेही बघा. संध्याकाळी राजवाड्याच्या आवारातल्या नाट्यगृहात 'फ्रा लाक फ्रा लाम'चा प्रयोग ठरावीक वारी असतो, तो वार साधून मुक्काम ठेवा. लाक म्हणजे लक्ष्मण, लाम म्हणजे राम. नावात धाकटा भाऊ आधी येतो, आणि कथा मेकाँगच्या काठावर घडते. सासूबाईंना हे फार आवडेल असं मला वाटतं.

नॉन्ग खिआव हा तुमच्या 'निसर्ग' या शब्दाला माझा जवाब आहे. दीडशे किलोमीटरच्या आत, पण रस्ता खड्ड्यांचा, चार तास धरा. नाम ऊ नदीच्या दोन्ही अंगांना चुनखडीचे उभे कडे, मध्ये पूल आणि गाव. पहाटे धुकं इतकं दाट की पूल अर्ध्यातच संपल्यासारखा दिसतो, आणि नऊच्या सुमारास वरचे कडे आधी उघडतात. तिथून होडीने तासाभरावर मुआंग न्गोय आहे. गावामागच्या पायवाटेने थाम कांग गुहेवरून बान ना गावापर्यंत भातखाचरांतून चालत जाता येतं. सपाट वाट आहे. याच भागातल्या गुहांमध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्या काळात गावंच्या गावं राहिली होती. नॉन्ग खिआवजवळची थाम फा थोक गुहा तशीच. पूर्वी लुआंग प्रबांगहून इथपर्यंत होडीनेही येत. आता नाम ऊवर सात धरणं झाली आणि तो जलमार्ग तुटला. जुन्या प्रवासवर्णनात वाचून ती होडी शोधू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगते: प्राणी दिसतील म्हणून जाऊ नका. ताडोबासारखं तिथे काही नाही. फासे लावून लावून जंगलं रिकामी झाली आहेत. उत्तरेतल्या नाम एत-फू लुई अभयारण्यात २०१३ नंतर वाघाची नोंद नाही. तिथलं निसर्गाचं वैभव नद्या, डोंगर आणि शेतं यांत आहे. हत्तीवर बसायची सोय कुणी देऊ केली तर नाही म्हणा.

आता वगळलेल्या जागा. अंगकोरला स्वतःचे निदान चार दिवस द्यायला हवेत, या प्रवासाला चिकटवून त्याचं भलं होणार नाही. व्हांग व्हिएंगचे डोंगर सुंदर आहेत आणि गाव रेल्वेवरच आहे, पण नॉन्ग खिआव केल्यावर त्याची गरज उरत नाही. तिथे तरुण मंडळी जाणार असतील तर त्यांना एवढंच सांगा की फुकट दिलेली दारू पिऊ नका. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे मिथेनॉलमिश्रित दारूने सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला.

फोनसावान सोडताना मला स्वतःला वाईट वाटतं. तिथे माणसाच्या उंचीचे दगडी रांजण माळावर विखुरलेले आहेत, लोहयुगातले, अंत्यसंस्काराशी जोडलेले. २०१९ मध्ये त्यांना वारसा दर्जा मिळाला. आणि त्यांच्यामधून चालताना पायाशी लाल-पांढऱ्या खुणांचे ठोकळे दिसतात. पांढऱ्या बाजूची जमीन बॉम्ब शोधून साफ केलेली, त्या बाजूनेच चालायचं. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यांतल्या लहान बॉम्बांपैकी कोट्यवधी फुटलेच नाहीत आणि आजही शेतात सापडतात. हे न बघता लाओस बघितला असं होत नाही. म्हणून शेवटच्या सकाळी व्हिएनतियानला कोप संस्थेचं छोटं प्रदर्शन ठेवलंय. स्फोटांत हात-पाय गेलेल्यांसाठी कृत्रिम अवयव तिथे पुरवले जातात. तासभर पुरतो. उत्तरेत कुठेही पायवाट सोडून झुडपांत शिरू नका, ही सूचना गंभीरपणे घ्या.

राहिलं वाट फू. इथे तुम्हाला निवड करावी लागेल आणि ती मी करू शकत नाही. तुम्ही लिहिलंय की सासूबाई त्र्यंबकेश्वरला नेमाने जातात. वाट फू हे मूळचं शिवाचं स्थान. मागच्या डोंगराच्या माथ्यावर नैसर्गिक सुळका आहे, म्हणून त्याचं जुनं संस्कृत नाव लिंगपर्वत. देवळामागच्या कड्यातून झरा पाझरतो. पूर्वी ते पाणी दगडी पन्हळीने गाभाऱ्यात आणून पिंडीवर धरलं जाई, अखंड गळतीच. आज गाभाऱ्यात बुद्ध आहे, पण लोक अजूनही त्या झऱ्याखाली ओंजळ धरतात आणि पाणी डोक्याला लावतात. मागे खडकात ब्रह्मा-विष्णू-महेश कोरलेले आहेत. वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या दुतर्फा जुने चाफे आहेत. त्या फुलाला तिथे 'दोक चम्पा' म्हणतात आणि ते त्यांचं राष्ट्रीय फूल आहे. माघ पौर्णिमेच्या सुमाराला तिथे मोठी जत्रा भरते.

हे ओढ लावणारं असेल तर मग उत्तर सोडा आणि दहाही दिवस दक्षिणेला द्या. बँकॉकहून उबोन राचथानीपर्यंत विमान, तिथून रस्त्याने सरहद्द ओलांडून दोन-तीन तासांत पाक्से. चम्पासाक गावात तीन रात्री, बोलावेन पठारावर कॉफीच्या मळ्यांत आणि धबधब्यांपाशी दोन, चार हजार बेटांतल्या 'दोन खोन' नावाच्या बेटावर तीन. तेही तीनच मुक्काम. अडचण एकच: वाट फूच्या वरच्या टप्प्यातल्या पायऱ्या खूप उभ्या आणि वेड्यावाकड्या आहेत, कठडा नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांवर हा निर्णय अवलंबून आहे.

जेवणाचं तुम्ही काळजीने विचारलंय. उपाशी राहणार नाही, पण मासळीच्या पाण्यापासून जपावं लागेल. भाजीतही 'नाम पा' किंवा 'पादेक' पडतं, आणि करणाऱ्याला ते मांसाहारी वाटतच नाही, आपल्याला मीठ वाटतं तसं. 'किन जे' म्हटलं की कडक शाकाहारी हे कळतं. वर 'बॉ साय नाम पा, बॉ साय पादेक' हे दोन्ही घालायचं नाही म्हणून सांगा. चिकट भात हाताने खायचा, तो तर पोटभरीचा. 'कायपेन' म्हणजे नदीतल्या शेवाळाचा तीळ लावलेला पापड, तळून देतात. सकाळी बाजारात 'खाओ नोम कोक' मिळतात, नारळाच्या दुधातले, बीड्याच्या तव्यावरचे, थेट आपले आप्पे. तरी सासूबाईंसाठी मेतकूट आणि थोडे दशम्यांचे पुडे न्याच.

बाकी थोडक्यात. ई-व्हिसा मिळतो, पण तो ठरावीक नाक्यांवरच चालतो. तुमचा नाका त्यात आहे का हे अर्ज करतानाच पाहा, दक्षिणेचा बेत असेल तर विशेषच. बँकॉकला दोन विमानतळ आहेत. उतरणं एकावर आणि पुढचं उड्डाण दुसऱ्यावरून असलं तर थायलंडमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो, तेव्हा दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने लुआंग प्रबांग ते व्हिएनतियान दोन तासांचं झालं, पण स्टेशन गावाबाहेर आहे आणि सामानाच्या तपासणीत स्प्रेचे डबे व चाकू काढून घेतात. भाजी चिरायची सुरी बॅगेत ठेवू नका. विमा घेताना रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून घ्या. मोठं दुखणं निघालं तर व्हिएनतियानचे लोकसुद्धा नदीपलीकडे थायलंडमधल्या उदोन थानीला जातात.

आता दोन गोष्टी मला कळवा. सासूबाई आज घरात जिना किती सहज चढतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत यजमानांना रजा मिळते का. जिना जड जात असेल तर उत्तरेचाच बेत पक्का धरू, आणि नॉन्ग खिआवला नदीच्या पातळीवरची, होडीच्या धक्क्यापर्यंत फारशा पायऱ्या नसलेली खोली कुठे मिळेल ते मी विचारून ठेवते.